उपकाराचं भाडं

परक्या देशात घर भाड्याने मिळालं की माणूस हिशेब मांडत नाही, आभार मानतो. बर्लिनला नव्याने आलेल्या कितीतरी मराठी मुलामुलींच्या तोंडून मी हे ऐकलं आहे, "दिलं बाई त्यांनी घर!" महिना महिना कुणाच्या तरी दिवाणखान्यात गादी टाकून काढलेला असतो, ढीगभर अर्जांना साधं उत्तरही आलेलं नसतं, आणि मग एके दिवशी कुणीतरी किल्ली हातावर ठेवतं. त्या घटकेला भाडं जास्त आहे का, हे विचारणंसुद्धा कृतघ्नपणाचं वाटतं. मला या मुलांचं वाईट वाटतं. आणि त्यांच्या त्या सुटकेच्या निःश्वासावर चार पैसे जास्त कमावणाऱ्यांचा मनापासून राग येतो. घर भाड्याने देणाऱ्याने माझ्यावर उपकार केलेले नसतात. मी दर महिन्याला त्याची किंमत मोजत असते, आणि जिची किंमत मोजायची ती वस्तू वाजवी दराची आहे का, हे विचारण्यात कसला आला कृतघ्नपणा?

पण वाजवी म्हणजे किती, हे कळायचं कसं? आपण आलेलो असतो पुण्याहून, ठाण्याहून, नाशिकहून. कोथरूडला दोन खोल्यांना काय पडतात हे आपल्याला न विचारता ठाऊक असतं. मामेभाऊ, ऑफिसातला मित्र, खालचा इस्त्रीवाला, कुणीही सांगतं. परदेशात हे न विचारता मिळणारं ज्ञान एका दिवसात नाहीसं होतं. त्याची जागा घेतो गुणाकार. युरोला नव्वदने, शंभरने गुणायचं आणि हबकून जायचं. पावाची लादी तीनशे रुपयांची, केस कापायचे दोन-अडीच हजार, मग घराचे नव्वद हजार झाले तर त्यात नवल काय? गुणाकाराचा खरा तोटा हा आहे. सगळंच महाग दिसायला लागलं की महाग कुठे संपतं आणि लुबाडणूक कुठे सुरू होते ती रेघच पुसली जाते.

दुसरा मार्ग लोक पगाराचा धरतात. इथले घरमालकही तोच धरतात: महिन्याचं उत्पन्न निव्वळ भाड्याच्या तिप्पट हवं, असा सर्वसाधारण प्रघात आहे. पण या मापाने फक्त माझी ऐपत कळते, घराची लायकी कळत नाही. सॉफ्टवेअरमधल्या मुलाला परवडतं म्हणून त्याने त्याच इमारतीतल्या बेकरीवालीच्या दुप्पट भाडं द्यावं, याला काही आधार नाही. तिसरा मार्ग म्हणजे जाहिराती चाळणं. तिथे दिसतात ते मागितलेले आकडे, तेही फक्त आज रिकाम्या असलेल्या घरांचे. बाकीचं शहर काय देतं ते जाहिरातीत येत नाही. बर्लिनमधल्या दर दहा घरांतली आठांहून जास्त घरं भाड्याची आहेत, आणि त्यांतल्या कितीतरी घरांत माणसं वर्षानुवर्षं राहताहेत. जाहिरात वाचून शहराचा दर ठरवायचा म्हणजे आजारी माणसं मोजून गावाची प्रकृती ठरवण्यासारखं आहे.

या शहरात त्यावर एक उत्तर छापील स्वरूपात मिळतं, आणि ते मला फार मोलाचं वाटतं. त्याचं नाव मीटश्पीगेल. नगरप्रशासन तो प्रसिद्ध करतं, कुणालाही फुकट पाहता येतो. गेल्या सहा वर्षांत शहरात जी भाडी नव्याने ठरली किंवा बदलली, त्या खऱ्याखुऱ्या करारांची पाहणी करून तो तयार होतो. इमारत कधी बांधली, घर किती चौरस मीटरचं, वस्ती साधी, मध्यम की चांगली, या तीन गोष्टींवरून तक्त्यातली तुमची चौकट सापडते. चौकटीत खालचा, मधला आणि वरचा असे दर चौरस मीटरचे तीन आकडे असतात. मग घराचे गुणदोष लावायचे. मोठी बाल्कनी असेल, सायकली कुलपात ठेवायला जागा असेल, तर मधल्या आकड्यावरून वर सरकायचं. रस्त्याचा सतत गोंगाट असेल, तळघरात सामानाची खोली नसेल, तर खाली यायचं. बाथरूम, स्वयंपाकघर, घर, इमारत आणि परिसर, असे या गुणदोषांचे पाच गट आहेत. २०२४ च्या मीटश्पीगेलमध्ये साऱ्या शहराची सरासरी चौरस मीटरला ७.२१ युरो निघाली होती. त्याच वर्षी जाहिरातींत त्याच्या दुप्पट आणि त्याहूनही वरचे आकडे सर्रास दिसत होते.

हा तक्ता मी पहिल्यांदा उघडला तेव्हा मला जे वाटलं ते आजही तसंच आठवतं. एखादं घर केवढ्याला जावं हे या शहराने चारचौघांसमोर लिहून ठेवलं आहे. भाडेकरूंच्या आणि घरमालकांच्या संघटना त्याच्या चर्चेला बसतात, भांडतात, कधी एखादी संघटना निकाल मान्य न करता उठून जाते; तरी शेवटी एक कागद उरतो आणि न्यायालय त्याच्याकडे बघतं. ५०,००० हून अधिक वस्तीच्या प्रत्येक जर्मन गावाने असा तक्ता काढायलाच हवा, असा आता कायदा आहे. मला जर्मन नीट येत नव्हतं तेव्हाही तो तक्ता वाचता आला. आकड्यांना उच्चार लागत नाहीत.

तक्त्याला दात आले ते २०१५ मध्ये. भाडं बेसुमार वाढू लागलं तेव्हा केंद्र सरकारने मीटप्राइसब्रेम्झे नावाचा लगाम आणला. घरटंचाई असलेल्या शहरांत नवा करार करताना निव्वळ भाडं त्या भागातल्या तुलनात्मक भाड्याच्या फार तर दहा टक्के वर नेता येतं. बर्लिनने हा नियम त्याच वर्षी १ जूनपासून लावून घेतला आणि आता त्याची मुदत २०२९ अखेरपर्यंत वाढली आहे. समजा ६० चौरस मीटरचं जुनं घर आहे, आणि तक्त्याने त्याचा दर ८ युरो काढला. तुलनात्मक भाडं झालं ४८०, दहा टक्के धरून ५२८. मालक ८४० मागत असेल तर महिन्याला ३१२ युरो कशाचे, हे विचारायचा तुम्हांला कायद्याने हक्क आहे. वर्षाचे होतात ३,७४४ युरो. घरी, आईवडिलांकडे, एकदा जाऊन येण्याची तिकिटं त्यात निघतात आणि वर पैसे उरतात.

अपवाद आहेत, आणि ते नीट वाचावे लागतात. १ ऑक्टोबर २०१४ नंतर पहिल्यांदा वापरात आलेल्या नव्या घरांना लगाम नाही. पूर्णपणे नव्यासारखं केलेलं जुनं घरही सुटतं, आणि आधीचा भाडेकरू जास्त देत असेल तर तेवढं मागता येतं. यांतलं काही लागू असेल तर मालकाने करारापूर्वीच ते सांगायला हवं. पण मला सगळ्यांत जास्त खटकणारी फट वेगळीच आहे. थोड्या मुदतीसाठी म्हणून दिलेली घरं या नियमाच्या बाहेर राहतात, आणि सामानासकट दिलेल्या घरात सामानाचा आकार किती लावला हे मालकाला वेगळं दाखवावं लागत नाही. नवखा माणूस नेमका तिथेच येऊन पडतो. त्याच्याकडे जर्मन पगाराच्या पावत्या नसतात, शूफाचा पतदाखला नसतो, आधीच्या घरमालकाचं थकबाकी नसल्याचं पत्र नसतं. त्याला साधं, रिकामं, बेमुदत कराराचं घर देणारे हजार वेळा विचार करतात. मग एक पलंग, एक कपाट आणि दोन कढया ठेवलेली खोली त्याला सहा महिन्यांसाठी मिळते, दामदुप्पट भावाने. ज्याला शहर ठाऊक नाही, भाषा ठाऊक नाही, त्याच्याच डोक्यावर कायद्याचं छत्र सगळ्यांत तोकडं पडतं. ही फट बुजवायला हवी, असं मी संधी मिळेल तिथे बोलत असते.

अशा पहिल्या घरात राहावंच लागलं तर राहावं. पण डोळे उघडे ठेवून. राहत्या पत्त्याची नोंदणी, जिला इथे आनमेल्डुंग म्हणतात, ती घरात आल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते आणि तिला मालकाचं लेखी पत्र लागतं. ते पत्र द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडे जाऊ नये. घर पाहण्याआधी पैसे मागणारा, मी परदेशात आहे, किल्ल्या कुरियरने पाठवतो म्हणणारा, हा तर चोरच. दलालाचे पैसे ज्याने दलाल नेमला त्याने द्यायचे, हाही २०१५ पासूनचा नियम. पुण्यात दोन्ही बाजूंनी एकेक महिन्याचं भाडं दलालाला देण्याची सवय असल्याने आपली मुलं इथेही खिशात हात घालतात. त्यांनी घालू नये.

डिपॉझिटचं थोडक्यात सांगते. तीन महिन्यांच्या निव्वळ भाड्याहून जास्त घेता येत नाही, ते तीन हप्त्यांत देता येतं, आणि मालकाने ते स्वतःच्या पैशांत न मिसळता व्याजाच्या खात्यात ठेवायचं असतं. घर ताब्यात घेताना आणि सोडताना दोघांनी मिळून नोंदपत्र भरायचं, भिंतीवरचा ओरखडा न् ओरखडा, मीटरचे आकडे, सगळं त्यात लिहायचं. यात कसलाही संकोच करायचा नाही.

क्षेत्रफळाबद्दल मात्र मला जास्त बोलायचं आहे, कारण तिथे मराठी माणसाला आयतं शहाणपण असतं. कार्पेट, बिल्टअप आणि सुपर बिल्टअप यांच्या कात्रीत सापडलेल्या लोकांची मुलं आपण. घराचं माप कागदावर एक आणि फरशीवर दुसरं असू शकतं हे आपल्याला शिकवावं लागत नाही. इथे बाल्कनी साधारणपणे पाव हिश्श्याने मोजतात. उतरत्या छपराखाली उंची एक ते दोन मीटर असेल तिथली जागा निम्मी धरतात, एक मीटरखालची धरतच नाहीत. करारात लिहिलेल्यापेक्षा घर दहा टक्क्यांहून जास्त लहान भरलं, तर तो घरातला दोष समजून भाडं त्या प्रमाणात कमी होतं. माळ्यावरच्या घरात राहणाऱ्या आमच्या एका मित्राने एका रविवारी टेप काढून छपराखालचे कोपरे मोजले. मुलांनी टेपचं दुसरं टोक धरलं होतं. तासाभराने जो आकडा आला तो त्याने मालकाला लेखी कळवला, आणि भाडं उतरलं.

लेखी कळवणं. सारं अडतं ते इथे. आपण बोलून मार्ग काढणारी माणसं. घरमालकाकडे जायचं ते दिवाळीचा फराळ घेऊन, गप्पांच्या ओघात गळक्या नळाचा विषय काढायचा, ही आपली रीत, आणि ती वाईट नाही. तिच्यात जिव्हाळा आहे. पण तिच्यात भाडेकरू नेहमी एक पायरी खाली उभा असतो. बर्लिनमध्ये मी वेगळी रीत शिकले. आमचं घर वेडिंगमधल्या एका शंभर वर्षांहून जुन्या इमारतीत आहे, मालकीण एक निवृत्त बाई. जर्मनीत भाड्याची निम्म्याहून अधिक घरं अशा खासगी व्यक्तींचीच असतात. मोठ्या कंपन्यांचं नाव जास्त होतं, एवढंच. घर आम्हांला आवडलं होतं, बाईही आवडल्या होत्या. तक्त्याप्रमाणे मात्र भाडं हद्दीच्या बरंच वर होतं.

आम्ही बर्लिनर मीटरफेराइनचे सभासद झालो. भाडेकरूंची ही संघटना १८८८ सालची आहे आणि आज तिचे दीड लाखांहून अधिक सभासद आहेत. वर्षाला शंभराच्या आसपास युरो भरले की तिथले वकील तुमचे कागद वाचतात. आमच्या वकिलीणबाईंनी करार पाहिला, तक्ता लावला, गुणदोष विचारले आणि म्हणाल्या, "पत्र लिहा. नम्र लिहा, लहान लिहा, कलम लिहा. माफी मागू नका." करार सुरू झाल्यापासून तीस महिन्यांच्या आत अशी हरकत घेतली, तर सुरुवातीपासूनचे जास्तीचे पैसे परत मागता येतात. आम्ही त्या मुदतीत होतो.

पत्र गेलं आणि मालकीणबाईंचा फोन आला. त्या रागावल्या नव्हत्या, दुखावल्या होत्या. "इतक्या अर्जांतून मी तुम्हांला निवडलं," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही मला हे लिहिता?" म्हणजे त्यांच्याही मनात तो उपकारच होता. मी त्यांना म्हटलं, "तुम्ही आम्हांला निवडलंत याचा आम्हांला आनंदच आहे, आणि घर आम्ही स्वतःच्या घरासारखं ठेवू. भाड्याची गोष्ट वेगळी आहे, ती आपण कागदावर बोलू." पुढे त्यांच्या वकिलाचं पत्र आलं की आधीचा भाडेकरू इतकंच देत होता. आमच्या बाजूने उत्तर गेलं की ते करारापूर्वी सांगायला हवं होतं. काही महिने अशी पत्रं चालली. त्या काळात जिन्यात गाठ पडली की मालकीणबाई मान डोलावून पुढे जायच्या आणि मला ते लागायचं. शेवटी मधला आकडा ठरला, फरकाचे काही पैसे परत आले, काही आम्ही सोडले. त्यानंतरचं आमचं नातं आधीपेक्षा चांगलं आहे असं मी प्रामाणिकपणे म्हणू शकते, कारण आता कुणीच कुणाचं देणं लागत नाही.

सगळ्याच गोष्टी इतक्या सभ्यपणे मिटत नाहीत. स्पांडाऊला राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाच्या झोपायच्या खोलीत बाहेरच्या भिंतीला बुरशी धरली. घर एका कंपनीचं. व्यवस्थापनाकडून उत्तर आलं की तुम्ही खिडक्या पुरेशा उघडत नाही आणि तुमच्या स्वयंपाकाची वाफ फार होते. त्या घरातल्या बाईंनी ते पत्र मला वाचून दाखवलं तेव्हा त्यांचा आवाज थरथरत होता. फोडणी द्यायचीच त्यांनी बंद केली होती. धाकट्याला खोकला होता, आणि आपल्या भात-वरणामुळे भिंत सडली असं त्यांनी मनाला लावून घेतलं होतं. हिवाळ्यात दिवसातून दोन-तीनदा खिडक्या सताड उघडून हवा बदलायची असते, ही इथली शिस्त खरी आहे आणि ती पाळायला हवी. त्या ती पाळत होत्या. संघटनेच्या सांगण्यावरून त्यांनी आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र आणलं, रोज सकाळ-संध्याकाळ आकडे लिहिले, तारखेसह फोटो काढले, दोष कळवणारं पत्र रजिस्टर करून पाठवलं, आणि भाडं पुढे देऊ पण हरकत राखून देऊ असं त्यात लिहिलं. मग तज्ज्ञ आला. छपराचं पाणी वाहून नेणारा बाहेरचा नळ फुटला होता आणि भिंत आतून भिजत होती.

दोष असेल तितके दिवस भाडं कमी होतं, असं इथला कायदा म्हणतो. पण दोष कळवला असेल तरच. कळवायला आपली माणसं घाबरतात. "काढून टाकतील" ही भीती मुंबई-पुण्यातून सोबत येते, कारण तिथे अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार संपत आला की खरोखरच काढून टाकतात. इथला नेहमीचा करार बेमुदत असतो. भाडेकरूने तीन महिने आधी सांगून जायचं. मालकाला मात्र सबळ कारण द्यावं लागतं, आणि भाडेकरू पाच वर्षं राहिला असेल तर सहा महिन्यांची, आठ वर्षं राहिला असेल तर नऊ महिन्यांची मुदत द्यावी लागते. स्वतःला किंवा मुलाबाळांना राहायचं आहे हे कारण चालतं, आणि त्याचा गैरवापरही होतो. पण तक्रार केली म्हणून घर सोडा, असं म्हणता येत नाही. हे ज्याला माहीत आहे तो माणूस घरात वेगळा वावरतो.

माझी मावशी गिरगावातल्या एका चाळीत वाढली. त्या चाळीचं भाडं ऐकून बर्लिनमधले माझे जर्मन मित्र थक्क होतात. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाण भाडं १ सप्टेंबर १९४० च्या आकड्याला बांधून टाकलं, आणि ते तिथेच राहिलं. स्वातंत्र्य आलं, गिरण्या बंद पडल्या, शहर आकाशाला भिडलं, पण भाडं हललं नाही. मावशीच्या घराला त्या भाड्याने आधार दिला हे मी कधी विसरणार नाही. पण त्या पैशात मालक जिनाही दुरुस्त करू शकत नव्हता, आणि करत नव्हता. लाकडी जिन्याची पायरी सुटली की बिऱ्हाडं वर्गणी काढायची. पावसाळ्यात जुन्या इमारती कोसळल्याच्या बातम्या आम्ही दर वर्षी वाचायचो. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा गोठलेल्या भाड्याला अवाजवी ठरवलं, आणि २००० च्या मार्चअखेरीस लागू झालेल्या नव्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ मान्य केली. तोवर कितीतरी चाळींच्या तुळया कुजून गेल्या होत्या. वाजवी भाडं मालकालाही वाजवी असायला हवं, हे मी पुस्तकात नव्हे, त्या जिन्यावर शिकले.

म्हणूनच बर्लिनने २०२० मध्ये मीटनडेकेल आणून भाडी गोठवली तेव्हा माझ्या आनंदात धास्तीही होती. जून २०१९ चा आकडा धरून पाच वर्षं भाडं हलायचं नाही, असा तो कायदा. आजूबाजूच्या कितीतरी घरांची भाडी खाली आली, शेजाऱ्यांनी नव्या सायकली घेतल्या. त्याच वेळी भाड्याच्या जाहिराती मात्र आटल्या आणि बाहेरून येणाऱ्याला दारच सापडेना. एप्रिल २०२१ मध्ये घटनात्मक न्यायालयाने तो कायदा रद्द केला: भाड्याचा कायदा केंद्राने केलेला आहे, राज्याला तो अधिकारच नाही. आता मधल्या काळातला फरक परत द्यायची वेळ आली. ज्यांनी तो बाजूला ठेवला नव्हता त्या घरांतली ती वसंतातली रात्र कशी गेली असेल! त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बर्लिनकरांनी मोठ्या घरकंपन्यांची घरं सार्वजनिक मालकीची करावीत या प्रश्नावर मतदान केलं आणि निम्म्याहून अधिकांनी हो म्हटलं. इतकी चीड साठली होती. मला त्या चिडीची कारणं कळतात. तरी माझं मत गोठवण्यापेक्षा त्या हलत्या तक्त्याकडेच झुकतं. दर दोन वर्षांनी तो नव्या काळाशी जुळवून घेतला जातो. त्यात मालकाचं बुडत नाही आणि भाडेकरूचंही.

उलट्या टोकाला निर्देशांकाशी बांधलेले करार आहेत. महागाई जितकी वाढेल तितकं भाडं वाढवायची मालकाला मुभा. महागाई मंद होती तेव्हा लोकांनी अशा करारांवर निर्धास्त सह्या केल्या. २०२२ मध्ये जर्मनीतली महागाई ६.९ टक्क्यांवर गेली, पुढच्या वर्षी ५.९, आणि लागोपाठ दोन पत्रं घरी आली. करारातला हा एक परिच्छेद सही करण्यापूर्वी शोधून वाचावा, असं मी येणाऱ्या प्रत्येकाला बजावते.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा विषय माझ्याच्याने सोडवत नाही. अर्जावरचं नाव परकं असलं की घर पाहायला बोलावणं कमी येतं. २००६ पासून इथे समान वागणुकीचा कायदा आहे, तरी हे घडतं, आणि आपल्या मुलांना ते झोंबतं. झोंबायलाच हवं. पण झोंबल्यावर मला डेक्कनवरचे, दादरचे, बोरिवलीचे प्रश्न आठवतात: आडनाव काय, मांसाहार करता का, एकटीच राहणार का, येणारे-जाणारे कोण. आपल्याच गावात कितीजणांना आपण जिन्यातून परत पाठवतो! बर्लिनमध्ये हा अपमान सोसलेल्या मराठी माणसाने पुण्यातला स्वतःचा फ्लॅट भाड्याने देताना तरी हे प्रश्न विचारू नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

गेल्या वर्षी मालकीणबाईंचं पत्र आलं. भाडं वाढवायची त्यांची इच्छा होती. इथे भाडेवाढ मालकाच्या मर्जीने होत नाही; तक्त्याचा किंवा तसल्या दुसऱ्या पुराव्याचा आधार द्यावा लागतो, बर्लिनमध्ये तीन वर्षांत पंधरा टक्क्यांच्या वर जाता येत नाही, आणि भाडेकरूची संमती लागते. पत्रात त्यांनी तक्त्यातली आमची चौकट लिहिली होती. बाल्कनी धरली होती, आणि तळघरात आम्हांला खोली नाही त्याची वजावटही स्वतःहून केली होती. मी आणि नवऱ्याने जेवणाच्या टेबलावर तक्ता उघडून सगळं ताडून पाहिलं. बरोबर होतं. जिना त्यांनी आदल्या उन्हाळ्यात रंगवून घेतला होता, बॉयलर नवा बसवला होता. विचार करायला मुदत होती, पण आम्ही त्याच आठवड्यात संमतीपत्रावर सही करून पाठवलं आणि तिसऱ्या महिन्यापासून वाढीव भाडं द्यायला लागलो.